चिकूच्या नाकावरचा नायटा

आमच्या गिनी पिगला, चिकूला, सोबत हवी म्हणून जुलैत शेंगाला आणलं. दुकानदाराने पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिली आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघींना एका पिंजऱ्यात सोडलं. नवा गिनी पिग आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी डोंबिवलीतल्या वन बीएचकेत वेगळी खोली म्हणजे बाथरूम.

दोनेक आठवड्यांनी चिकूच्या नाकावरचे केस गेले. आधी शेंगदाण्याएवढी जागा, मग डोळ्याच्या कडेपर्यंत. वर भुरकट खपल्या, परातीत वाळलेली कणीक असते ना, तशा. भांडणात चावलं असेल म्हणालो. मग वाटलं, सी व्हिटॅमिन कमी पडतंय. माणसासारखंच गिनी पिगच्या अंगातही ते तयार होत नाही. ढोबळी मिरची वाढवली. चिकूने ती कुई कुई करत संपवली, खपल्या होत्या तिथेच राहिल्या.

माझी मुलगी चिकूला हनुवटीखाली धरून टीव्ही बघते. बरोबर तिथेच, मानेवर, लाल चकती उठली. कडेला बारीक पुरळ, मधला भाग साफ. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "गजकर्ण आहे हा. डॉक्टरला दाखव." मी केमिस्टकडे गेले. त्याने काही न विचारता एक ट्यूब काउंटरवर ठेवली. तीन दिवसांत लाली गेली, खाज गेली. मी इतकी खूश झाले, की इअरबडने तीच ट्यूब चिकूच्या नाकालाही फासली. हे लिहितानाही कानशिलं तापतायत.

पुढच्या आठवड्यात मुलीच्या मानेवर धड कडा नसलेला लालसर पट्टा पसरला. सासूबाईंच्या दंडावर दोन चकत्या, माझ्या पोटावर एक.

स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब मागून घेतली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. क्लोबेटासॉल, म्हणजे जबरदस्त स्टिरॉइड, त्याच्या जोडीला अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध. स्टिरॉइडने लाली-खाज दबते, त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. वर नायट्याचा गोल आकारच पुसला जातो, म्हणजे डॉक्टरलाही ओळखायला अवघड. नुसतं बुरशीचं क्रीम आणि गोळ्या मिळाल्या, "चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावायचं" या ताकिदीसह. ट्यूब बंद केल्यावर पहिला आठवडा खाज उलट भडकली, मुलगी रात्री रडायची. घाम, पावसात न वाळलेले कपडे, टॉवेल, सगळं विचारून झालं. घरात प्राणी आहे का, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे हेच डोक्यात आलं नाही.

सासूबाई लालबागच्या. जनावरांचा दवाखाना म्हटलं की त्यांच्या तोंडी परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पण गिनी पिग बघणाऱ्या डॉक्टर आम्हाला ठाण्यात मिळाल्या. त्यांनी चिकूला हातमोजे घालून उचललं आणि पहिलाच प्रश्न केला, "घरात कोणाला खाज आहे?" मी काही न बोलता मुलीची कॉलर बाजूला केली.

दिवे मालवून त्यांनी वुड्स लॅम्प, म्हणजे बुरशी शोधायचा अतिनील दिवा, धरला. नाक काही चमकलं नाही, मला हायसं वाटलं. "यावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. मांजरांमध्ये सहसा सापडणारी मायक्रोस्पोरम कॅनिस बुरशी या दिव्याखाली बऱ्याचदा हिरवी चमकते. गिनी पिगला बहुधा ट्रायकोफायटन नावाची दुसरी बुरशी होते आणि ती चमकत नाही. त्यांनी नवाकोरा टूथब्रश फोडून चिकूच्या अंगभर फिरवला, दुसरा शेंगाच्या अंगभर, आणि दोन्ही ब्रश कल्चरला पाठवले, म्हणजे त्यावरून बुरशी वाढते का ते बघायला. शेंगाच्या अंगावर तर एक चट्टा नव्हता. मला वाटलं, उगाच बिल वाढवतायत.

सहाव्या दिवशी फोटो आला. बुरशी वाढवायचं दोन्हीकडचं पिवळं माध्यम लाल झालं होतं, वर कापसासारखी पांढरी वाढ, म्हणजे बुरशीच. चिकूचंही आणि शेंगाचंही.

इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं पातळ औषध सुरू झालं, डोस वजनावर, म्हणून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतून थेंब थेंब. घरातलं कुठलंही अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि तो दगावूही शकतो. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा. भिजलेला गिनी पिग दहा मिनिटं हातात धरून बघा. भिजलेल्या मोज्याएवढा जीव, छाती धडधडतेय, आणि किंकाळी अशी की शेजारच्या वहिनी दार वाजवून गेल्या.

पण खरं कंबरडं मोडलं ते घराने. गळलेल्या केसांवर आणि खपल्यांवर या बुरशीचे बीजाणू वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतात. केरसुणीने झाडलं की ते हवेत उडतात, म्हणून कोरडं झाडणं बंद. आधी ओल्या फडक्याने केस टिपायचे, मग साबणपाणी, मग पातळ केलेलं ब्लीच, आणि ते वाळेपर्यंत दोघी बाथरूममध्ये. शेवटी वेगळी खोली बाथरूमच निघाली. लाकडी घर फेकलं. सोफ्यावरची सासूबाईंनी शिवलेली गोधडी तीनदा गरम पाण्यात धुतली, ती मात्र फेकू दिली नाही त्यांनी.

आमचे चट्टे सप्टेंबरच्या शेवटी गेले. चिकूच्या नाकावर आधी मखमलीसारखी लव आली, मग केस. औषध तरीही चालू, कल्चर स्वच्छ येईपर्यंत. पुन्हा दोन नवे टूथब्रश. या वेळी चौदा दिवस माध्यम पिवळंच राहिलं, ती बातमी फराळाच्या गडबडीत आली.

शेंगाला शेवटपर्यंत एकही चट्टा आला नाही.