चौदा वर्षं जुना नवोदित

गाण्याखाली बारीक अक्षरांत जी नावं असतात, ती कुणीतरी बसून भरलेली असतात. मी त्या भरणाऱ्यांपैकी. पुण्यात खराडीला ऑफिस, क्लायंट अमेरिकेतला, काम मेटाडेटाचं. गायक कोण, गीतकार कोण, पब्लिशर कोण, रेकॉर्डिंगचा कोड कुठला, हे तपासायचं आणि एकमेकांना जोडायचं. नातेवाइकांना वाटतं की हिला गाणी ऐकायचा पगार मिळतो. प्रत्यक्षात दिवसचे दिवस गाण्याची एक ओळही कानावर पडत नाही, नुसत्या एक्सेलच्या ओळी.

५ नोव्हेंबर २०१५, गुरुवार. दिवाळी तोंडावर आलेली, निम्मा फ्लोअर रजेवर, आणि कंट्री म्युझिकची, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या गाण्यांची, क्यू (कामांची रांग) माझ्या गळ्यात. नाइट शिफ्ट संपत आली होती. आमच्याकडे उजाडलं तेव्हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये बुधवारची संध्याकाळ होती आणि तिथल्या ब्रिजस्टोन अरीनात सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) अवॉर्ड्स चालू झाले होते. कंट्री संगीतातला हा सगळ्यात मोठा सोहळा. अशा दिवशी जो जिंकेल त्याच्या नावाची तिकिटं, म्हणजे आमच्याकडे येणारी दुरुस्तीची कामं, वाढणार हे ठरलेलं, म्हणून काही नावं आम्ही आधीच तपासून ठेवतो. त्या यादीत वर ब्लेक शेल्टन होता, कारण सर्वोत्तम गायकाचा पुरस्कार आधीची सलग पाच वर्षं त्यालाच मिळाला होता. ल्यूक ब्रायन होता. ख्रिस स्टेपलटनही होता, पण पार तळाशी.

मग त्या मंचावर स्टेपलटन आणि पॉप गायक जस्टिन टिंबरलेक एकत्र आले. आधी ‘टेनेसी व्हिस्की’, मागोमाग टिंबरलेकचं ‘ड्रिंक यू अवे’. आमच्या ऑफिसात टीव्ही नाही, त्यामुळे आम्हाला ते दिसलं नाही. आम्हाला दिसली ती क्यू. एरवी ती रांगेत उभ्या असलेल्या शहाण्या माणसासारखी हलते, त्या सकाळी आकडा नुसता वर पळत सुटला. थोड्या वेळाने निकाल आले. सर्वोत्तम गायक स्टेपलटन, सर्वोत्तम अल्बम त्याचा ‘ट्रॅव्हलर’, आणि सर्वोत्तम नवोदित कलाकारही तोच.

शेजारच्या खुर्चीवर नागपूरचा एक पोरगा बसायचा. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, “ताई, हा नवीन कायचा? याचं नाव तं मी कितीदा भरलं!”

खरंच होतं ते. नाव ओळखीचं होतं, फक्त ते गायकाच्या रकान्यात कधी फारसं नसायचं. जॉश टर्नरचं ‘युअर मॅन’, केनी चेस्नीचं ‘नेव्हर वॉन्टेड नथिंग मोअर’, डेरियस रकरचं ‘कम बॅक साँग’, जॉर्ज स्ट्रेटचं ‘लव्ह्ज गॉना मेक इट ऑलराइट’. या सगळ्यांच्या गीतकारांत हा माणूस होता. आणि ल्यूक ब्रायनचं ‘ड्रिंक अ बीअर’ही याचंच, जिम बीव्हर्सबरोबर लिहिलेलं. म्हणजे त्या रात्री सर्वोत्तम गायकाच्या नामांकनांत जे बसले होते, त्यांतल्या एकाचं गाजलेलं गाणं दुसऱ्याने लिहिलेलं होतं.

नॅशव्हिलचा व्यवहार माहीत नसेल तर हे विचित्र वाटेल. तिथे गीतकार हा पूर्णवेळ धंदा आहे. पब्लिशिंग कंपनी लेखकाला करारावर ठेवते, दोघं-तिघं एका खोलीत बसून गाणं रचतात, आणि ते कोण गाणार हे पुढे ठरतं. केंटकीत कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढलेला स्टेपलटन २००१ मध्ये नॅशव्हिलला आला आणि काही दिवसांतच त्याला असा करार मिळाला. मधल्या काळात तो ‘स्टीलड्रायव्हर्स’ या ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं पारंपरिक संगीत) बँडचा मुख्य गायक होता. त्या बँडचं ‘इफ इट हॅडन्ट बीन फॉर लव्ह’ पुढे ब्रिटिश गायिका अडेलनेही गायलं. २०१३ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावावर एक गाणं आलं, ते चाललं नाही, आणि त्यामागून यायचा अल्बम बासनात गेला. ‘ट्रॅव्हलर’ मे २०१५ मध्ये आला. तोवर याची गाणी गाऊन बाकीचे पहिल्या क्रमांकावर जाऊन आले होते.

आमची अडचण मात्र वेगळीच होती. डेटाबेसमध्ये हा एक माणूस नव्हताच, दोन होते. गायक ‘ख्रिस स्टेपलटन’ आणि गीतकार ‘ख्रिस्तोफर ॲल्विन स्टेपलटन’. गीतकारांच्या संस्थांकडे नोंद बहुतेक पूर्ण कायदेशीर नावाने असते, अल्बमच्या कव्हरवर हाक मारायचं नाव असतं, आणि दोघांना जोडणारी तार कुणीतरी हाताने ओढावी लागते. ती आजवर कुणी ओढली नव्हती, कारण तशी गरजच पडली नव्हती. आता अमेरिकेतले लोक शोधत होते, हा कोण, याची आणखी गाणी कुठली, आणि पडद्यावर एक अल्बम दाखवून गाडी थांबत होती.

टीम लीड म्हणाली, “अगं, मर्ज करून टाक की!” पण मर्ज म्हणजे पुरावा हवा. नाव सारखं म्हणून दोन माणसं एक केली की पैसे भलत्याच्या खात्यात जातात, आणि तो गुंता सोडवायला महिने जातात. मी कॅबवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि बसले. गीतकाराची जागतिक ओळख सांगणारा आयपीआय क्रमांक, सहलेखकांची नावं, पब्लिशर, आणि ‘ट्रॅव्हलर’ची चौदा गाणी एकेक करून. चौदांपैकी बारांत त्याचं नाव लेखक म्हणून. ‘व्हिस्की अँड यू’ हे ली थॉमस मिलरबरोबर लिहिलेलं, आणि ते टिम मॅग्रॉने २००७ मध्येच गायलेलं. इथे दोन्ही टोकं जुळली. मॅग्रॉच्या रेकॉर्डिंगखालचा गीतकार आणि या अल्बमवरचा गायक एकच, हे कागदावर दिसत होतं.

शीर्षकगीताच्या रकान्यात मात्र एकटं त्याचंच नाव होतं. सहलेखनाची इतकी सवय असलेल्या गावात हे मला उठून दिसलं. स्टेपलटनचे वडील २०१३ मध्ये गेल्यावर नवरा-बायको १९७९ ची जुनी जीप चेरोकी घेऊन फीनिक्सहून नॅशव्हिलला निघाले, आणि त्या वाटेवर त्याने हे गाणं लिहिलं. सहलेखक येणार कुठून? बायको मॉर्गन मात्र अल्बमभर त्याच्या सुरात सूर मिसळून आहे. तिचं नाव भरायला मी विसरले नाही, बरं का. मागे गाणाऱ्यांची नावं गाळण्यात आमचा धंदा मोठा उदार आहे.

रेकॉर्डिंगचं ठिकाण या रकान्यात मुख्यतः नॅशव्हिलचा आरसीए स्टुडिओ ए. ही वास्तू २०१४ मध्ये पाडायला निघाली होती. बेन फोल्ड्स आणि बरेच संगीतकार उभे राहिले, शेवटी ती विकत घेऊन वाचवली गेली. निर्माता डेव्ह कॉब आणि खुद्द स्टेपलटन.

खरी कसरत ‘टेनेसी व्हिस्की’ची. ते त्याचं नव्हतंच. १९८१ मध्ये ते डेव्हिड ॲलन कोने गायलं, १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने, आणि आता याने. रेकॉर्डिंगं तीन, म्हणून आयएसआरसी कोड तीन; पण रचना एकच, म्हणून तिचा क्रमांक एकच. जोन्सने ते सरळ कंट्री ढंगात गायलं आहे. स्टेपलटनने इतकं संथ, सोल (अमेरिकी कृष्णवर्णीय गायकी) अंगाने घेतलं की ऐकताना जुनी सोल गायिका एटा जेम्स आठवावी. (हो, त्या दिवशी मी ऐकलं. हेडफोन लावून, काम बाजूला ठेवून, ४ मिनिटं ५३ सेकंद.) अमेरिकेत तेव्हा पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याच्या विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकारांचा कायद्याने ठरलेला दर ९.१ सेंट होता. म्हणजे ही लाट ज्या गाण्यावर उसळली होती, त्याच्या लेखनाचे पैसे स्टेपलटनचे नव्हते. ते डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांचे.

यातल्या लिंडाबाई २०१० मध्येच वारल्या होत्या. लग्नानंतर त्या बार्थोलोम्यू हे आडनावही लावत, त्यामुळे एकाच बाईच्या दोन नोंदी होण्याची पुन्हा तीच भानगड. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं तिकीट ते होतं, आणि प्राधान्यक्रमात सगळ्यात खाली पडलं होतं. मी ते आधी उचललं. आकाशवाणीवर निवेदक गायकाबरोबर गीतकार-संगीतकाराचं नावही न चुकता सांगायचे, त्यावर वाढलेली मी. सवय जात नाही.

दुपार होईतो दुसराच त्रास सुरू झाला. टिंबरलेकबरोबरचं सादरीकरण अल्बममध्ये नव्हतं, पण लोक तेच शोधत होते, आणि जे शोधलं जातं ते पुरवणारे आलेच. कॅराओके, ‘मूळ गायकाच्या शैलीत’ असले अवतार, कव्हरवर स्टेपलटनसारख्या दाढीवाल्या माणसाची टोपी घातलेली सावली. गायकाच्या रकान्यात स्टेपलटनचं नाव घुसवलेल्या फाइली मी आणि तो पोरगा एकेक करून परत पाठवत होतो. तो दर फाइलीला एक अस्सल वऱ्हाडी शिवी देत होता, त्या इथे देत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात बिलबोर्डच्या अल्बम-यादीत १४ व्या क्रमांकावर, सुमारे २७ हजार प्रतींवर सुरू झालेला अल्बम यादीतून बाहेर पडला होता. तो थेट पहिल्या क्रमांकावर परतला, त्या आठवड्यात १ लाख ७७ हजार प्रतींच्या हिशेबाने, आणि दोन आठवडे तिथे राहिला. फेब्रुवारीत सर्वोत्तम कंट्री अल्बमचा ग्रॅमीही मिळाला.

आमच्या मर्जला क्लायंटची मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. गायकाच्या पानावर आता ‘युअर मॅन’ही दिसू लागलं, ‘ड्रिंक अ बीअर’ही. मी शेऱ्यात विचारलं होतं, इतकं सगळं आधीचं असताना ‘नवोदित’ हा टॅग ठेवायचा का? उत्तर आलं, ठेवा, पहिला अल्बम २०१५ चाच आहे. नियमाने बरोबर होतं. पोराने ते वाचून खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, “मंग मीबी या कंपनीत नवोदितच आहो,” आणि पुढचं तिकीट उघडलं. तेही कॅराओकेचंच निघालं.