कोऱ्या पानांची झेरॉक्स
मुलीकडे सिंगापूरला वर्षातून दोन-तीनदा जाणे होईल म्हणून घेतलेली वार्षिक प्रवास विम्याची पॉलिसी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे एकही प्रवास न होता रद्द करण्यासाठी आज शाहूपुरीतील एका कार्यालयात गेलो होतो. प्रवास झालाच नाही हे दाखवण्यासाठी पासपोर्टच्या सर्व ३६ पानांच्या झेरॉक्स मागितल्या, अगदी कोऱ्या पानांच्याही. झेरॉक्सवाल्याने "काका, हे कोरंच आहे," असे दोनदा बजावले.

परतावा किती मिळेल, याचे उत्तर मात्र कोणीच दिले नाही. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच हट्टाने घेतली. कारण महिनाभरात उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि तिथे हाच शिक्का दाखवावा लागेल.