पूड पाठवायची की पोर?

चवथीला कुणाकडे गेले की गणपतीच्या माटोळीखाली बसल्या बसल्या हा प्रश्न ठरलेला. “बाय, हांगा मशीन ना? चेडवाक इंदूराक कित्याक व्हरतात?” गोव्यात विद्यापीठ आहे, आयआयटी आली, एनआयटी आली, झुआरीनगरला बिट्स आहे, मग सत्तरी तालुक्यातली मुलगी चिमूटभर पूड घेऊन इंदूरला कशाला जाते? शिवाय कुणीतरी पुस्ती जोडतंच: माशेलकर नाही झाले मोठे? झाले की. पण ते १९४३ साली माशेलात जन्मले आणि लहानपणीच मुंबईला गेले. गोव्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९८५ साली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बरीच वर्षं आमच्या कॉलेजातून आम्ही फक्त पूडच पाठवत होतो, मोठ्या मशीनवर तपासायला.

आमच्या कॉलेजात हॉटप्लेट, भट्टी, अगेटचा खल आणि एक डेसिकेटर, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायचं भांडं. त्यातलं निळं सिलिका जेल जूनमध्ये बघता बघता गुलाबी होतं. फेराइट (लोह आणि दुसऱ्या एखाद्या धातूचं मिळून ऑक्साइड) करायचं तर लोह आणि जस्ताची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, ग्लायसिन घालायचं, आटवत ठेवायचं. जेल घट्ट होतं, फुगतं आणि एकदम पेट घेतं. खाली उरते भुसभुशीत पूड. मुलं या क्षणासाठी हॉटप्लेटभोवती गर्दी करतात. पण पावसाळ्यात फेरिक नायट्रेटची बाटली उघडली की ते तिथल्या तिथे पाझरायला लागतं, तराजूवरचा आकडा थांबतच नाही. म्हणून आमची वजनं मे संपायच्या आत उरकलेली असतात. आमचं संशोधनाचं वेळापत्रक वेधशाळा ठरवते म्हणा ना.

ती पूड खरंच फेराइट आहे का, हे एक्सआरडी काढल्याशिवाय, म्हणजे क्ष-किरण पुडीवरून कोणत्या कोनात परततात त्याचा ग्राफ काढल्याशिवाय, कळत नाही. तर एका वर्षी सहा कुप्या कुरियरने एका मोठ्या संस्थेत पाठवल्या. महिन्याभराने सहा ग्राफ आले. त्यातल्या दोनांत ३८.५ अंशांपाशी एक जादा पीक, म्हणजे ग्राफवरचं टोक. फेराइटचं तिथे काही नसतं. आम्हाला वाटलं, अशुद्धी राहिली. भट्टीचं तापमान बदललं, परत जाळलं, परत भाजलं, अख्खं सत्र गेलं. शेवटी ४४.७ अंशांवर आणखी एक बारीक पीक दिसलं आणि डोक्यात उजेड पडला: हे तर अॅल्युमिनियम! पूड कमी पडली होती, ती ठेवायचा होल्डर भरला नव्हता, किरण होल्डरच्याच धातूवर आपटत होते. मशीनवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे रांग होती, हातात आलं ते त्याने लावलं. पण पूड करणारी मुलगी तिथे उभी असती तर अर्धा रिकामा होल्डर तिच्या डोळ्यांतून सुटला नसता. तिचं प्रोजेक्ट मात्र त्या पिकापायी गेलं.

त्यानंतर मी पोरं पाठवायला लागले.

पहिली गेली तिच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. विषय तिनेच आणला: खाणीवरचा टाकाऊ माल. त्यापासून फेराइटला लागणारं लोहाचं ऑक्साइड करण्याचं काम गोवा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी आधीच केलेलं. हिचा प्रश्न पुढचा: खनिजातलं अॅल्युमिनियम जातं कुठे, लोहाच्या शेजारी जाऊन बसतं की काय? (आमच्या नशिबी परत अॅल्युमिनियमच.) ते बघायला इंदूरचं इंडस-२ लागतं, १७२.५ मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन, फार प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र. तिथे रात्रपाळी असते. वडील म्हणाले, रात्रीचं काय? मी म्हटलं, मी बरोबर आहे.

पहिला स्कॅन फुकट गेला, थर जाड झाला होता. शेजारच्या एका संशोधक विद्यार्थ्याने तिला टेपवर पूड पातळ कशी पसरायची, किती घड्या घालायच्या ते दाखवलं. मला ते येत नव्हतं. पहाटेपर्यंत ती त्याच्याशी बिनधास्त हिंदीत वाद घालत होती. वर्गात इंग्रजीतून एक प्रश्न न विचारणारी मुलगी ही.

पोरं पाठवायचं हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २००४ पासून ‘प्रेम’ नावाची योजना चालवली. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, पण आपल्या कानाला गंमत वाटते. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आदिवासी मुलं जिथे जास्त शिकतात अशा विद्यापीठांची मटेरिअल सायन्सच्या मोठ्या केंद्रांशी जोडी लावायची. पोर्टो रिकोतलं उमाकाओ आणि फिलाडेल्फियातलं पेन, ही त्यातली एक. तेही चारशे वर्षं स्पॅनिश राजवट पाहिलेल्या बेटावरचं छोटं कॉलेज, घरची भाषा वेगळी. आमच्यासारखंच वाटतं मला. एका उन्हाळ्याची सहल काढून फोटो छापायचा, असं तिथे नव्हतं. वर्षानुवर्षं तीच दोन घरं एकमेकांकडे जात-येत राहिली.

आपल्याकडे सामंजस्य करार म्हटला की आधी शाल-श्रीफळ. त्यातले किती तरी त्या दिवशीच संपतात. मला बरी वाटते ती ‘टेअर’ योजना: राज्य विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या शिक्षकाने नोकरी न सोडता मोठ्या संस्थेत काम करायचं, आणि संशोधनाचा निधी दोन्ही घरी निम्मा निम्मा. निम्म्यामुळे लहान घराला उंबऱ्यावर उभं राहावं लागत नाही. २०२४ मध्ये ‘पेअर’ही आली, एक मोठी संस्था मध्ये आणि भोवती विद्यापीठं. चांगलंच आहे. फक्त मुलीचं तिकीट, वसतिगृह आणि बरोबर कोण जाणार, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मी दर वेळी शोधत बसते.

सगळ्यांना नेता येत नाही, कुरियर अजून जातंच. पण हल्ली प्रत्येक पाकिटात प्रोजेक्ट गेलेल्या त्या मुलीच्या अक्षरातल्या चिठ्ठीची झेरॉक्स असते: ‘होल्डर पूर्ण भरावा. पूड कमी पडल्यास कृपया आधी फोन करावा, ग्राफ काढू नये.’