मागचे सील निर्दोष होते

माझ्या माझदा एमएक्स-५चा गिअरबॉक्स उतरवून क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील बदलले आणि तेलगळतीचा विषय संपला, असे मी गेल्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिले होते. तिसऱ्याच दिवशी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) बरोबर खाली, रुपयाएवढा तोच ठिपका पुन्हा उमटला. दोन शनिवार-रविवार, एक नवी क्लच प्लेट (उघडलेच आहे तर बदलून टाकू, हा आपला नेहमीचा मोह) आणि कंबरदुखी एवढे खर्ची घालून मी एक धडधाकट सील फेकून दिले, हे आता कबूल करणे भाग आहे.

या वेळी पान्ह्याला हात लावण्याआधी इंजिन डिग्रीझरने धुऊन कोरडे केले, तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) ओतला आणि लेस्टरच्या रिंगरोडवर वीसेक मैल फेरी मारली. परत आल्यावर गॅरेजचा दिवा मालवून जांभळा टॉर्च लावला. बेलहाउसिंग हिरवेपिवळे चमकत होते, त्यात नवल नव्हते. पण टॉर्च वर सरकवत गेलो तसतसा तो ओघळ हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या भिंतीवर चढत थेट सीएएसच्या, म्हणजे कॅमची स्थिती ओळखणाऱ्या कॅम अँगल सेन्सरच्या, बुडाशी जाऊन थांबला. १९९१च्या १.६ एमएक्स-५मध्ये हा सेन्सर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) इतका खेटून आहे की, आरशावाचून त्याचे बूड दिसत नाही. त्याच्यावरची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) वर्षानुवर्षे उष्णतेत भाजून कडक होते, तेल भिंतीवरून खाली उतरते आणि बेलहाउसिंगच्या कडेवरून ठिबकू लागते, तेव्हा मागचे सीलच गेले अशी कोणाचीही खात्री पटावी.

सेन्सर फिरला की इग्निशन टायमिंग फिरते, म्हणून आधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढली. तो धरून ठेवणारा १२ मिमीचा एकुलता एक बोल्ट मात्र चाचपडतच सोडवावा लागला. आखूड रिंग पान्हा दर खेपेला जेमतेम वळे आणि पुन्हा काढून बसवावा लागे. या एका बोल्टने पाऊण तास घेतला. बाहेर आलेली रिंग गोल राहिलीच नव्हती, चपटी झाली होती, आणि नखाने दाबताच काचेची बांगडी पिचावी तशी टिचली. ते तुकडे मी डबीत जपून ठेवले आहेत.

नव्या रिंगसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सर्व मापांच्या’ संचाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. माझ्याकडच्या संचातील त्या मापाची नायट्राइल रबराची रिंग खाचेत सैल बसत होती. हायड्रॉलिक सामानाच्या दुकानातील आजोबांनी व्हर्नियरने खाच मोजून व्हिटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) रिंग दिली, आणि तीही चहाच्या पैशांत. रेघ जुळवून सेन्सर बसवला, बॉनेटखालच्या डायग्नोसिस पेटीतली ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ ही टोके तारेने जोडून टायमिंग लाइट धरला, तर काटा १२ अंशांवर होता. तो १० वर आणताच आयडलिंगही सुधारले, म्हणजे रेघेवर विसंबलो नाही हे बरेच झाले.

सलग चार सकाळी पुठ्ठा कोरडा होता. पाचव्या दिवशी टॉर्चखाली टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यात नखभर हिरवी रेष दिसली. पूर्वीच्या मालकाने तिथे सिलिकॉन अक्षरशः थापले आहे. खरे तर ते फक्त कॅमच्या टोपणांपाशी, कोपऱ्यांवर, थेंबभर लागते, आणि कव्हरचे बोल्ट ५ ते ९ न्यूटन-मीटरच्या पलीकडे आवळले तर गॅस्केट चेपून गळती वाढते. तेव्हा येत्या रविवारी गॅस्केट बदलण्याचे ठरवले होते.

हे लिहिता लिहिताच पीसीव्ही वाल्व (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी झडप) आठवला, म्हणून उठून तो काढला आणि कानाशी हलवला. खडखड वाजायला हवा होता, पण आवाज नाही. हा तुंबला असेल तर क्रँककेसमधला दाब जिथे वाट मिळेल तिथून तेल ढकलणार आणि नवे गॅस्केटही फार दिवस टिकणार नाही. म्हणून बेत बदलला आहे: आधी वाल्व, मग आठवडाभर टॉर्च, आणि गॅस्केट त्यानंतर. पुढची कॅम आणि क्रँक सीले टायमिंग बेल्टच्या वेळीच उघडेन. गेल्या वर्षी एमओटीच्या (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहनतपासणीच्या) कागदावर तेलगळतीची सूचना आली होती आणि या वर्षीची तपासणी तीन आठवड्यांवर आहे. पुठ्ठा नवा अंथरला आहे.