बेलेंच्या काठावर गोव्याचे ओळखीचे चेहरे

लिस्बनला जाणारा प्रत्येक जण १५ नंबरची ट्राम पकडून बेलेंला जातोच. बहुतेकांचा ओढा जेरोनिमोस मठाकडे आणि १८३७ पासून चालू असलेल्या त्या पेस्ट्रीच्या दुकानाकडे. मला बघायचं होतं रस्त्यापलीकडचं, टॅगस नदीच्या अगदी कडेला उभं असलेलं पोर्तुगीज शोधमोहिमांचं स्मारक. नदी म्हणायची एवढंच. पात्र इतकं रुंद आणि वारा इतका खारट, की समुद्रच वाटावा.

शिडं फुगवून निघालेल्या कॅरावेल जहाजाचा हा पन्नास मीटरहून उंच दगडी आकार. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हातात छोटं जहाज घेतलेला, या मोहिमांना बळ देणारा पोर्तुगीज राजपुत्र हेन्री, आणि त्याच्यामागे दोन्ही उतारांवर खलाशी, नकाशे करणारे, पाद्री, कवी अशी बत्तीस माणसं. शिल्पकार लिओपोल्दो द आल्मेदा. त्याने ही माणसं नुसती उभी केलेली नाहीत. कुणी गुडघ्यावर आहे, कुणी पुढच्याच्या खांद्यावरून बघतंय. सगळ्यांचा तोल पुढे. शिल्प म्हणून ते जबरदस्त आहे, त्यात वादच नाही.

पूर्वेकडच्या रांगेत मी बराच वेळ रेंगाळलो. पुढे वास्को द गामा. शेवटाकडे अफोन्सो द अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा, आणि त्याला लागूनच सेंट फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्यात बॉम जेझूला ज्यांच्या शवपेटीसमोर आपण शाळेच्या सहलीत रांगा लावल्या, तेच! एवढ्या गर्दीत बाई मात्र एकच, हेन्रीची आई फिलिपा. आणि आफ्रिकेतल्या मालिंदीहून गामाला कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्या? तो कुठेच नाही. त्याच्याशिवाय गामाचं काय झालं असतं, हा प्रश्न दगडाला विचारून उपयोग नाही.

हे स्मारक आधी १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं. आजचं पक्कं रूप १९६० चं, हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने बांधलेलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि साडेचारशे वर्षांचा कारभार दोन दिवसांत आटोपला. साम्राज्याच्या मिरवणुकीचा मुहूर्त असा चुकावा! आम्ही वाईकडची माणसं. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर इकडे आलेली चर्चची घंटा मेणवलीच्या घाटावर बघत मोठे झालो. त्यामुळे मला जरा खुसखुस झाली, हे कबूल.

जाणार असाल तर सकाळी जा, पूर्वेकडच्या चेहऱ्यांवर तेव्हा छान ऊन असतं. तिकीट काढून लिफ्टने वर जरूर जा. समोरच्या फरशीवर दक्षिण आफ्रिकेने भेट दिलेलं पन्नास मीटर व्यासाचं दिशाचक्र आहे, मधोमध जगाचा नकाशा, त्यावर जहाजं आणि सनावळ्या. खालून ते नीट कळत नाही; लोक त्यावरून चालत असतात आणि पोरं आपापल्या देशावर उभी राहून फोटो काढतात. वरून सबंध दिसतं. पेस्ट्रीची रांग त्यानंतर.