आमची वाटचाल : नारायणगावचं बुकिंग ऑफिस

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात गुढीपाडव्याला तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. पुणे, नगर, नाशिक, ठाणे जिल्ह्यांतले यात्रा कमिटीवाले जीपा भरभरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन जातात. मोठ्या फडाचा मॅनेजर वही उघडून बसला की गिऱ्हाईक आपोआप येतं. हंगामी फडाचं, म्हणजे यात्रांपुरत्या उभ्या राहणाऱ्या फडाचं, तसं नाही. राहुटी टाकून मॅनेजर बसवायचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. आणि डोंगराकडच्या ज्या गावात वर्गणीच बेताची जमते, त्या गावचे पंच मोठ्या फडाच्या राहुटीत शिरायलाच कचरतात. या दोघांची गाठ घालून द्यायची, हा आमचा धंदा. वडिलांनी एका टेबलावर सुरू केला. आता मी आणि धाकटा भाऊ बघतो.

ऑफिसात मोठं सामान काही नाही. दाते पंचांग, तिथीवही, कार्बन घालायचं पावतीबुक आणि शिक्का. तिथीवही वडिलांच्या हातची, पुठ्ठा दोनदा बदललाय. आमचं काम तारखेवर चालत नाही, तिथीवर चालतं. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती, वद्य अष्टमीला भैरवनाथाच्या यात्रा, पुढे अक्षय्य तृतीया. अष्टमीला एकाच रात्री इतकी गावं तमाशा मागतात की फड कमी पडतात आणि सुपारीचा, म्हणजे ठरवून घेतलेल्या खेळाच्या रकमेचा, आकडा कुठल्या कुठे जातो. त्याच फडाला दशमीला विचारा, निम्म्यात येईल. वहीत प्रत्येक गावापुढे तिथी, फड, ठरलेली रक्कम आणि एक शेरा असतो : ‘मैदान उताराचं, स्टेज पूर्वेला घालणे’, ‘सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्या’, ‘ढोलकी जाणणारं गाव, वग कापू नये’. हजेरी म्हणजे सकाळचा खेळ, वग म्हणजे तमाशातलं नाट्य. मोबाईलमध्ये सगळं टाका असं भाचा सांगतो. टाकलंय. पण पंच समोर बसले की वहीच उघडतो, कारण आपल्या गावाचं नाव त्यांना त्या पानावर बघायचं असतं.

२०२० चा पाडवा होता २५ मार्चला. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांना पुढचं सांगायला नको. फडमालक पावसाळ्यात व्याजाने पैसे काढतो, कलावंतांना उचल देतो, दसऱ्याला बाहेर पडतो, तंबूच्या खेळांवर कसाबसा खर्च भागवतो आणि कर्ज फेडतो ते चैत्रातल्या सुपाऱ्यांवर. तो चैत्रच गेला. माघापासून आलेले इसार आम्ही फडांना पोचवले होते, फडांनी ते डिझेलला आणि उचलीला घातले होते. गावं पैसे मागायला आमच्या दारात आली. त्यांचं चुकलं नाही, पावतीवर शिक्का आमचा होता.

आम्ही पिकअप विकली, सोसायटीचं कर्ज काढलं आणि जमेल तसे इसार परत केले. ढोलकीवाले कांद्याच्या काढणीला रोजाने गेले, नाचणाऱ्या मुली माहेरी जाऊन भाजी विकत होत्या. एका सोंगाड्याने हलगी गहाण टाकायची वेळ आल्यावर आधी आम्हाला फोन केला, म्हणून ती वाचली. २०२१ ला पुन्हा तेच. १३ एप्रिलला पाडवा, १४ ला संध्याकाळी राज्यात कडक निर्बंध. त्याच वर्षी मे महिन्यात तमाशातल्या ज्येष्ठ कलावंत कांताबाई सातारकर गेल्या.

या दोन वर्षांत एका माणसाने आम्हाला उभं ठेवलं. आंबेगावच्या डोंगराकडचे आप्पा, गावच्या यात्रेचे जुने पंच. त्यांचा इसार घेऊन मी स्वतः गेलो होतो. पाकीट त्यांनी उघडलंसुद्धा नाही. ‘इसार देवाच्या नावानं दिलाय. यात्रा यंदा नाही तर पुढल्या साली भरंल. पोरींना पोटाला दे यातलं,’ एवढंच म्हणाले आणि चहा ठेवायला सांगितलं. त्यांच्या शब्दावर आसपासच्या गावांनीही पैसे मागायचं थांबवलं. ती गावं आजही आमच्याकडे आहेत, आणि अष्टमीला पहिला फड आप्पांच्या गावाला जातो, समोरचा दुप्पट देत असला तरी.

२०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर निर्बंध उठले आणि तेव्हाच आमच्यावर खरा घाव बसला. आमच्याकडेच काम शिकलेल्या एकाने वेगळं ऑफिस टाकलं. नाव लिहीत नाही. त्याने आमच्या वहीतली गावं फोनवर गाठली, ‘ते बुडाले’ म्हणून सांगितलं आणि कमी दरात पूर्ण फड देतो म्हणाला. गावात उतरल्या चार-पाच मुली आणि एक साऊंडची गाडी. ढोलकी नाही, तुणतुणं नाही, सोंगाड्या नाही. तमाशाची सुरुवात ज्याने होते ती गण-गौळण सोडून थेट सिनेमाची गाणी. एका गावात लोकांनी खुर्च्या फेकल्या आणि मार खाल्ला तो त्या मुलींनी. मला राग आहे तो याचा. गावं पळवली ते सोसलं असतं. पण दोन वर्षं उपाशी राहिलेल्या कलावंतांना त्याने फसव्या सुपारीवर पुढे केलं आणि स्वतः नारायणगावात बसून राहिला. आजही तो समोरून जातो तेव्हा रामराम घेत नाही मी.

त्यानंतर आम्ही पावती बदलली. कलावंत किती, वाद्यं कोणती, बतावणी-रंगबाजी-वग हे तमाशाचे भाग पूर्ण होणार की नाही, हे सगळं पावतीवर लिहितो. गावाच्या बाजूनेही लिहून घेतो : राहुटीला बंदिस्त आडोसा, पाणी, बायकांसाठी संडास, आणि गण उभा राहायच्या आत उरलेली रक्कम. सुरुवातीला फडमालक चिडले, पंचही चिडले. आता दोघंही ती पावती मागतात. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

यात्रा कमिटीतल्या तरुण मंडळींना एक सांगतो. रीलमधला चेहरा बघून इसार देऊ नका, फड कुठे उभा असेल तिथे जाऊन एक खेळ बघा. पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढा. स्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे हे धरून वेळ ठरवा, नाहीतर वग निम्म्यात थांबतो आणि शिव्या फडाला बसतात. आणि सकाळच्या हजेरीला म्हाताऱ्यांना पुढे बसवा, दाद त्यांच्याकडूनच येते.

ज्या हंगामी फडांना राहुटीचा खर्च झेपत नाही त्यांनी माघ संपायच्या आत कलावंतांची यादी घेऊन यावं. वद्य अष्टमीला ढोलकीचे फड अजून कमी पडतात आणि मागणारी गावं आमच्याकडे आहेत.