समासातले आकडे

वेंगुर्ल्यात बाइंडिंग करायचं म्हणजे अर्धं काम गंजाचं आणि बुरशीचं. खारी हवा पिन खाते आणि गंजलेली पिन कागद खाते. जुलैत एक मुलगा जे पुस्तक घेऊन आला, त्याच्या पिनांची नुसती तांबडी भुकटी उरली होती. जॅझ ट्रॉम्बोन शिकवणारं अमेरिकन पुस्तक, कव्हरवर डॉलरमधली किंमत, छपाई कधीच बंद झालेली. त्याचे आजोबा मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांचं. हा लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. जॅझ शिकवणारं इथे कोणी नाही.

"काका, कडा कापू नकात हां. आकडे जातले."

सुरांच्या डोक्यावर आणि समासात अगदी कडेपर्यंत पेन्सिलीचे आकडे होते. मी विचारलं, तर पोरगा स्टुलावर बसून अर्धा तास समजावत राहिला. ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकते, तिच्या सात जागा. एकेक जागा पुढे गेलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पण काही सूर दोन ठिकाणी सापडतात. एक डी पहिल्या जागेवर मिळतो, तोच चौथ्यावरही. बी फ्लॅट पहिल्यावर आणि पाचव्यावर. १९४० च्या दशकात बीबॉप हा जॅझचा अतिवेगवान प्रकार आला, जे. जे. जॉन्सन यांनी त्या वेगात ट्रॉम्बोन वाजवून दाखवला. तिथे हात लांबवर नेऊन परत आणायला वेळ नसतो, म्हणून कुठला सूर कुठे पकडायचा यावर सगळं येतं. आजोबांनी ते एकेक सुरासाठी शोधून लिहून ठेवलं होतं. हेच पुस्तक उद्या परदेशातून कोरं मिळालं, तरी त्यात हे आकडे नसणार.

शेजारच्या दुकानदाराने झेरॉक्स काढायचा सल्ला दिला. पिवळ्या पडलेल्या कागदावरची फिकट पेन्सिल झेरॉक्समध्ये उमटत नाही, हे रोज मशीन चालवणाऱ्याला कळायला हवं.

हल्ली बाइंडर मंडळी काहीही आलं की घडी सोडून कडेलाच साइड पिन ठोकतात आणि तिन्ही बाजू कटिंगला घालतात. मीही पूर्वी घाईत एका वहीच्या कडा अशाच उडवल्यात, अजून सलतं. साइड पिन मारलेलं पुस्तक स्टँडवर उघडं राहत नाही. ट्रॉम्बोनवाल्याचा डावा हात वाद्य पेलतो, उजवा नळीवर असतो. पान दाबून धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ६४ पृष्ठांचे १६ जोडकागद सुटे केले, प्रत्येकाची गंजाने कुजलेली घडी पातळ टिश्यूच्या पट्टीने, मैद्याच्या विरळ खळीने जोडली. वजनाखाली चार दिवस ठेवले, पावसात सुकायला तेवढे लागतातच. मग घडीतून पाच भोकं, मेण लावलेला दोरा. टेबलावर ठेवलं तर कुठल्याही पानावर सपाट पडत होतं. असं काम मी वर्षात दोनदाही करत नाही.

चूक त्याआधी, बुरशी झाडताना झाली. मऊ ब्रश होता, हातही हलका होता, पण एका धड्यात कागद दमट राहिला होता आणि एका सुरावरचा आकडा बुरशीबरोबर पुसला गेला. करडा डाग तेवढा राहिला. भिंग लावलं, दिव्यासमोर तिरकं धरलं. काही दिसेना.

न्यायला आला तेव्हा पैसे घेण्याआधी ते पान मीच दाखवलं. तो काही बोलला नाही. दुकानातच उभा राहून डोळे मिटले, ओठ घट्ट केले आणि उजवा हात हवेत पुढे-मागे नेऊ लागला. मागचे चार सूर, मग तो, मग पुढचे तीन. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी कोपर अर्धवट वाकलेलं असताना हात थांबला.

"चार," तो म्हणाला. "दुसरो होवचोच नाय."

मी पेन्सिल पुढे केली. त्याने डागाच्या बाजूला हलकेच ४ लिहिला. आजोबांच्या चाराची गाठ मोकळी असायची, याची घट्ट आहे. पुस्तक पिशवीत घालून तो गेला, आणि त्या डागाखाली खरंच चारच होता का, हे मी अजून मनात घोळवतोय.